आयटीपीवरच्या नव्या अँटीबॉडी औषधाच्या ट्रायलमध्ये जायचं असेल तर: कोणतं काम आधी, कोणतं नंतर

आयटीपी म्हणजे इम्यून थ्रॉम्बोसायटोपेनिया. या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच प्लेटलेट्स नष्ट करते. स्टिरॉइड, आयव्हीआयजी (रक्तदात्यांच्या अँटीबॉडी शिरेतून देणं), एल्ट्रोम्बोपॅग (प्लेटलेट्स वाढवणारी गोळी) हे सगळं करूनही प्लेटलेट्सचा आकडा टिकत नसेल, तर डॉक्टर एखाद्या नव्या अँटीबॉडी औषधाच्या (ठरावीक पेशी किंवा रेणू पकडणारं, प्रयोगशाळेत बनवलेलं प्रथिन) क्लिनिकल ट्रायलबद्दल सुचवतात. आणि इथून पुढे कामं उलट्या क्रमाने होऊ लागतात. आधी सही होते, प्रश्न नंतर पडतात. स्क्रीनिंगच्या, म्हणजे निवडीच्या तपासण्यांच्याच आठवड्यात दुसरीकडे आयव्हीआयजी दिलं जातं. घरी सुरू असलेल्या काढ्याबद्दल कोणी बोलत नाही.

ट्रायलमध्ये शेवटी एकच गोष्ट शोधायची असते: प्लेटलेट्स वाढल्या, तर त्या नेमक्या कशामुळे वाढल्या? बाहेरून घेतलेली आणि न सांगितलेली प्रत्येक गोळी या प्रश्नाचं उत्तर बिघडवते, आणि रुग्णालाही धोक्यात टाकते. खालचे टप्पे ठाणे-नवी मुंबईतल्या रुग्णांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी आहेत. क्रम बदलू नका.

टप्पा १: निदान पक्कं करून घ्या

आयटीपी ओळखण्याची एकच अशी खात्रीची तपासणी नाही. प्लेटलेट्स एक लाखाच्या खाली आहेत आणि दुसरं कोणतंही कारण सापडत नाही, तेव्हा आयटीपी म्हणतात. म्हणून दुसरी कारणं खरोखर शोधली गेली आहेत का, हे फाइल उघडून बघा. एचआयव्ही, हेपटायटिस सी, यकृताचा आजार, ल्युपससाठी एएनए, थायरॉइड, बी१२ची कमतरता, आणि एखाद्या चालू औषधामुळे झालेली घट, एवढं तरी तपासलेलं असावं.

त्याआधी एक साधी गोष्ट. जांभळ्या झाकणाच्या नळीत ईडीटीए हे रक्त गोठू न देणारं रसायन असतं. काहींच्या रक्तात त्यामुळे प्लेटलेट्सचे पुंजके होतात आणि मशीन त्यांना मोजतच नाही. आकडा २०,००० येतो, प्रत्यक्षात तो दीड लाख असू शकतो. पेरिफेरल स्मिअर, म्हणजे काचपट्टीवर पसरलेला रक्ताचा थेंब, सूक्ष्मदर्शकाखाली माणसाने पाहिला की हे कळतं. शंका असेल तर सायट्रेटच्या, म्हणजे निळ्या झाकणाच्या नळीत पुन्हा रक्त द्यायचं. त्या नळीतल्या द्रवामुळे रक्त थोडं पातळ होतं, म्हणून येणाऱ्या आकड्याला १.१ने गुणतात.

घरून नमुना नेणाऱ्या माणसाची पिशवी मे महिन्यात डोंबिवली ते ठाणे फिरत राहिली, तर तो आकडा भरवशाचा राहत नाही. नमुना फ्रिजमध्ये ठेवला तरीही पुंजके होऊ शकतात. शक्यतो लॅबमध्ये जाऊन रक्त द्या, आणि दर वेळी त्याच लॅबमध्ये द्या.

सावधान: रिपोर्टवरचा आकडा वाचताना शून्यं मोजा. ०.०८ लाख म्हणजे ८,०००, आणि ०.८ लाख म्हणजे ८०,०००. काही लॅब नुसतं "१५" लिहून बाजूला हजाराचं एकक छापतात. फोनवर आकडा सांगताना नेहमी पूर्ण हजारांत सांगा: "आठ हजार", "ऐंशी हजार".

टप्पा २: एक पानी तक्ता बनवा

जाडजूड फाइल घेऊन गेलात तरी ट्रायलच्या डॉक्टरांना सर्वांत आधी हवा असतो तो काळाचा क्रम. एका कागदावर पाच रकाने आखा: तारीख, प्लेटलेट्सचा आकडा, त्या वेळी सुरू असलेलं औषध आणि डोस, ते कधी सुरू आणि कधी बंद झालं, रक्तस्राव किंवा दुष्परिणाम. निदानाची तारीख ठळक लिहा, कारण आजाराचे तीन काळ मानतात: पहिले ३ महिने नवा, ३ ते १२ महिने टिकून राहिलेला, १२ महिन्यांपुढे जुनाट. ट्रायल बहुतेक वेळा यातल्या ठरावीक काळातल्या रुग्णांनाच घेते.

या तारखा तक्त्यात असल्याच पाहिजेत:

- शेवटचं आयव्हीआयजी किंवा अँटी-डी (हेही दात्यांच्या अँटीबॉडींचंच इंजेक्शन)
- शेवटचं रिटुक्सिमॅब (आधीपासून वापरात असलेलं अँटीबॉडी औषध)
- स्टिरॉइडचा डोस शेवटचा कधी बदलला
- रक्त किंवा प्लेटलेट्स शेवटच्या कधी चढवल्या
- शेवटची लस कोणती आणि कधी

तारखा अंदाजाने लिहू नका. डिस्चार्ज कार्ड हरवलं असेल तर त्या रुग्णालयाच्या रेकॉर्ड विभागात अर्ज करून प्रत काढा. रिटुक्सिमॅब आणि नव्या औषधात किती अंतर हवं, हे प्रत्येक ट्रायलमध्ये ठरलेलं असतं आणि ते अनेकदा महिन्यांमध्ये असतं. तारीख चुकली तर आधीच्या औषधाचा उशिरा आलेला गुण नव्या औषधाच्या नावावर जमा होतो.

रोज जे काही पोटात जातं, तेही लिहा. पपईच्या पानांच्या गोळ्या, गुळवेलाचा काढा, होमिओपॅथी, प्रोटीन पावडर, पाठदुखीसाठी अधूनमधून घेतलेली डायक्लोफिनॅक, सगळं. गुळवेलाबद्दल विशेष सांगायला हवं. २०२१मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेले रुग्ण नोंदवले, आणि ती इजा प्रतिकारशक्तीच्या आजारासारखी दिसत होती. ट्रायलमध्ये यकृताचे एन्झाइम वाढले आणि काढा लपवलेला असला, तर दोष चांगल्या औषधावर येतो आणि ते बंद होतं.

टप्पा ३: ट्रायल खरी आहे ना, ते तपासा

भारतात नव्या औषधाची ट्रायल सुरू करायला केंद्रीय औषध नियंत्रकांची परवानगी, नोंदणीकृत एथिक्स कमिटीची (रुग्णांचे हक्क आणि सुरक्षितता पाहणारी समिती) मंजुरी आणि सीटीआरआय या राष्ट्रीय नोंदवहीत नोंद, तिन्ही लागतं. हे सगळं २०१९च्या नवीन औषधे आणि क्लिनिकल ट्रायल नियमांखाली चालतं. सीटीआरआयची वेबसाइट कोणालाही फुकट पाहता येते. शोधताना "ITP" ही तीन इंग्रजी अक्षरं टाकून थांबू नका, आजाराचं पूर्ण इंग्रजी नाव टाका.

ट्रायलचं पान उघडल्यावर क्रमाने बघा. भारतातली भरती सुरू आहे का? औषध नियंत्रकांच्या परवानगीचा रकाना काय सांगतो? केंद्रांच्या यादीत तुमचं रुग्णालय आहे का आणि त्याच्या एथिक्स कमिटीची मंजुरी नोंदलेली आहे का? मग कोणाला घेणार आणि कोणाला नाही, ते निकष वाचा. रुग्णालय मोठं आहे म्हणून तिथे ही ट्रायल असेलच असं नाही. नेरूळ, कामोठे, कळवा किंवा परळ, कुठेही जाण्याआधी केंद्राचं नाव यादीत सापडलं पाहिजे.

तपासा: सीटीआरआयमध्ये नोंद असणं म्हणजे औषध चांगलं असल्याची पावती नव्हे. ट्रायल उघडपणे चालली आहे, एवढंच त्यातून कळतं.

सावधान: ट्रायलचं औषध आणि ट्रायलसाठीच्या तपासण्या रुग्णाला मोफत असतात. "नाव घालून देतो" म्हणून कोणी पैसे मागितले, तर तिथून बाहेर पडा आणि एथिक्स कमिटीला कळवा.

टप्पा ४: अँटीबॉडी कोणत्या प्रकारची आहे, ते विचारा

या टप्प्यावर लोक सर्वांत कमी वेळ देतात, आणि पुढची बहुतेक काळजी यावरच अवलंबून असते. "अँटीबॉडीचं इंजेक्शन आहे" एवढ्यावर समाधान मानू नका. ते कशावर काम करतं, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या.

बी पेशींवर काम करणारी. रिटुक्सिमॅब या पेशींवरची सीडी२० ही खूण पकडतं. नव्यांपैकी इअॅनालुमॅब याच पेशींवरच्या बाफ रिसेप्टर या दुसऱ्या खुणेवर काम करतं. प्लेटलेट्सविरुद्धच्या अँटीबॉडी जिथून येतात, त्या पेशीच ही औषधं कमी करतात. गुण यायला काही आठवडे ते महिने लागू शकतात. मुख्य धोका हेपटायटिस बीचा: जुना, झोपलेला विषाणू पुन्हा जागा होऊ शकतो. लसींचा परिणामही पुढे बरेच महिने कमी होतो.

सीडी३८वर काम करणारी. अँटीबॉडी तयार करणाऱ्या प्लाझ्मा पेशींवर सीडी३८ भरपूर असतं, म्हणून या औषधांचा नेम तिथे असतो. पण थोडं सीडी३८ तांबड्या पेशींवरही असतं. त्यामुळे रक्तपेढीतली इनडायरेक्ट कूम्ब्स (रक्त जुळवण्याची) तपासणी खोटी पॉझिटिव्ह येते आणि जुळणारं रक्त शोधायला उशीर होतो. अपघात किंवा मोठा रक्तस्राव झाला तर हा उशीर जिवावर बेतू शकतो. उपाय सोपा आहे, पण तो पहिल्या डोसच्या आधीच करावा लागतो: रक्तगट, अँटीबॉडी स्क्रीन आणि सविस्तर फिनोटाइप (तांबड्या पेशींवरच्या इतर गटखुणांची तपासणी) करून ठेवा. नंतर करायला गेलात तर औषध तपासणीत आडवं येतं.

एफसीआरएन रोखणारी. एफसीआरएन ही यंत्रणा रक्तातल्या आयजीजी अँटीबॉडींना मोडण्यापासून वाचवते. ती बंद केली की घातक आणि उपयोगी दोन्ही आयजीजी कमी होतात. गुण तुलनेने लवकर दिसतो, पण डोस थांबला की काही आठवड्यांत आयजीजी पुन्हा भरून येतं. आयव्हीआयजी म्हणजे स्वतःच आयजीजी, त्यामुळे ते मध्येच दिलं तर दोन्ही औषधं एकमेकांच्या कामात अडथळा आणतात.

याच बैठकीत आणखी तीन प्रश्न विचारा. प्लासिबोचा (औषध नसलेल्या, दिसायला तशाच डोसचा) गट आहे का, आणि असेल तर त्या गटाला नेहमीचे उपचार मिळत राहणार का? आकडा कितीखाली गेला किंवा कसा रक्तस्राव झाला तर रेस्क्यू, म्हणजे तातडीचे उपचार देणार, आणि त्यात काय देणार? गुण न आल्यास किती आठवड्यांनी थांबवणार? रेस्क्यूच्या प्रश्नावर गुळमुळीत उत्तर मिळालं तर सही करू नका.

टप्पा ५: माहितीपत्रक घरी आणा, मग सही करा

माहितीपत्रक आणि संमतीपत्र तुम्हाला समजणाऱ्या भाषेत मिळायला हवं. मराठी प्रत मागा. घरी आणा, दोन दिवस ठेवा, फॅमिली डॉक्टरांना दाखवा. रुग्णाला वाचता येत नसेल, तर सही होताना तटस्थ साक्षीदार असावा लागतो. नव्या रेणूच्या ट्रायलमध्ये असुरक्षित गटातल्या रुग्णांची संमती व्हिडिओवर रेकॉर्ड करतात. ते कायद्याने आहे, घाबरू नका.

संमतीपत्रात शिक्षण, व्यवसाय, वार्षिक उत्पन्न आणि नॉमिनी असे रकाने असतात. "हे कशाला?" म्हणून लोक ते रिकामे सोडतात. ट्रायलशी संबंधित मृत्यू झाला तर भरपाई नॉमिनीला मिळते, म्हणून नाव आणि पत्ता आधारकार्डाशी जुळवून भरा.

सही करण्याआधी हे मुद्दे कागदावर सापडले पाहिजेत:

- इजा झाल्यास मोफत उपचार कोण आणि कसे देणार
- भरपाईची तरतूद
- प्रवासखर्च मिळणार का
- रात्री लागणारा फोन नंबर
- एथिक्स कमिटीचा नंबर
- कधीही बाहेर पडता येईल आणि त्याने नेहमीच्या उपचारांवर परिणाम होणार नाही, हे वाक्य

कायद्यातली इजेची व्याख्या औषधाच्या दुष्परिणामापुरती नाही. प्लासिबो देताना उपलब्ध असलेला आवश्यक उपचार नाकारला, किंवा ट्रायलमधल्या एखाद्या प्रक्रियेमुळे इजा झाली, तर तीही त्यात येते.

तपासा: सही झालेल्या संमतीपत्राची आणि माहितीपत्रकाची प्रत हातात पडल्याशिवाय केंद्रातून निघू नका.

टप्पा ६: स्क्रीनिंगच्या दिवसांत काहीही बदलू नका

सही झाली म्हणजे प्रवेश झाला असं नाही. स्क्रीनिंगमध्ये प्लेटलेट्स ठरावीक पातळीखाली आहेत का (अनेक ट्रायलमध्ये ही पातळी ३०,००० असते), यकृत-मूत्रपिंड, हेपटायटिस बी आणि सी, एचआयव्ही, टीबी, इम्युनोग्लोब्युलिनची पातळी आणि स्त्रियांमध्ये गर्भधारणा, हे सगळं पाहतात.

इथे एक सापळा आहे. आयव्हीआयजी हजारो रक्तदात्यांच्या प्लाझ्मापासून बनतं. त्यातल्या अँटीबॉडींमुळे तुमचा अँटी-एचबीसी (हेपटायटिस बीची लागण झाल्याची खूण शोधणारा) रिपोर्ट काही काळ पॉझिटिव्ह येऊ शकतो, विषाणू अंगात नसतानाही. त्यामुळे हेपटायटिस बीच्या तपासण्या आयव्हीआयजीच्या आधी झालेल्या असल्या तर उत्तम. तसं झालं नसेल तर आयव्हीआयजीची तारीख सांगा, म्हणजे एचबीव्ही डीएनए ही थेट विषाणू शोधणारी तपासणी करून खरं-खोटं ठरवता येतं.

स्टिरॉइडचा डोस ठरावीक दिवस स्थिर ठेवायला सांगितलेला असतो. आकडा खाली दिसावा म्हणून प्रेडनिसोलोन परस्पर बंद करणं ही अत्यंत धोकादायक चूक आहे. बरेच दिवस चालू असलेलं स्टिरॉइड एकदम तोडलं तर रक्तदाब कोसळून जीव जाऊ शकतो. एल्ट्रोम्बोपॅग अचानक थांबवलं तर प्लेटलेट्स आधीपेक्षाही खाली जाऊ शकतात. ते चालू असेल तर दूध, दही, ताक, पनीर, नाचणी, लोहाच्या गोळ्या आणि अँटासिड यांच्या २ तास आधी किंवा ४ तास नंतर घ्या. सकाळच्या दुधाच्या चहासोबत गोळी घेणाऱ्यांचं औषध नीट शोषलंच जात नाही, आणि फाइलवर मात्र "गुण नाही" असं लिहिलं जातं.

टप्पा ७: डोसचा दिवस

आदल्या दिवशी ताप, खोकला, लघवीची जळजळ असेल तर केंद्रात फोन करा. अंगात जंतुसंसर्ग असताना डोस देत नाहीत. केंद्रात पोहोचल्यावर आधी रक्ताचे नमुने, मग औषध. हा क्रम उलटला तर त्या दिवसाचा आकडा निरुपयोगी होतो, म्हणून सिस्टरना आठवण करून द्यायला संकोच करू नका.

सलाईनमधून जाणारं औषध पहिल्या वेळी सावकाश देतात. त्याआधी प्रोटोकॉलप्रमाणे (ट्रायलच्या लेखी कार्यपद्धतीप्रमाणे) पॅरासिटामॉल, अँटीहिस्टामिन, कधी स्टिरॉइड देतात. थंडी वाजणं, घशात खाज, छातीत दडपण, अंगावर गांधी, चक्कर, यांतलं काहीही जाणवलं तर लगेच सांगा. "थोडंसंच आहे, होईल बरं" म्हणून गप्प बसू नका. वेग कमी करून किंवा काही वेळ थांबवून ही रिअॅक्शन अनेकदा आटोक्यात येते, आणि उशीर केला तर वाढते. बरोबर एक माणूस असू द्या आणि घरी परतताना स्वतः गाडी चालवू नका.

तारखांचं गणित आधीच मांडा. प्रत्येक भेटीला मागे-पुढे काहीच दिवसांची मुभा असते. गणपतीत दहा दिवस कोकणात जायचं असेल तर वेळापत्रक हातात आल्या दिवशीच ट्रायलच्या कोऑर्डिनेटरना सांगा. जुलै-ऑगस्टमध्ये कुर्ला-सायनला पाणी भरून मध्य रेल्वे बंद पडते, त्यामुळे परळकडच्या केंद्रासाठी एक दिवस हाताशी ठेवा. ठाण्याहून वाशी-नेरूळ-पनवेलकडे जाणाऱ्यांना ट्रान्सहार्बरची थेट लोकल आहे. पण दाट गर्दीत प्लेटलेट्स १०,००० असताना उभं राहून धक्के खाऊ नका. प्रवासखर्चात रिक्षा-टॅक्सी बसते का, ते विचारून घ्या.

टप्पा ८: घरी

रोजच्या डायरीत तीन ओळी पुरेत: नवे लाल ठिपके किंवा काळे-निळे डाग, नाक-हिरड्यांतून रक्त, घेतलेली औषधं. पाळीत किती पॅड लागले आणि गाठी पडल्या का, हेही लिहा. लाजून गाळलेली ही नोंद हिमोग्लोबिन ८वर आल्यावर शोधावी लागते. दुखण्या-तापावर अॅस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक घेऊ नका. पॅरासिटामॉलही केंद्राला विचारून घ्या. कमरेवर किंवा दंडात स्नायूत इंजेक्शन घेऊ नका, आतल्या आत रक्त साचतं.

पावसाळ्यातला ताप वेगळा धरा. डेंग्यू आणि मलेरिया दोन्हीत प्लेटलेट्स पडतात, आणि कोपऱ्यावरच्या दवाखान्यात "तुमचा जुनाच आजार" म्हणून सोडून देतात. पहिल्या पाच दिवसांत डेंग्यूची एनएस१ आणि मलेरियाची तपासणी करून घ्या, साचलेल्या पाण्यातून चालला असाल तर लेप्टोचीही शंका सांगा. त्याच दिवशी केंद्राला कळवा. आकडा डेंग्यूने पडला की औषध निष्फळ ठरलं, हे नंतर कोणालाच ओळखता येत नाही.

सावधान: अचानक तीव्र डोकेदुखी, उलट्या, दोन-दोन दिसणं, बोलताना जीभ अडखळणं, काळी शी, लघवीतून रक्त, तोंडात रक्ताचे फोड, यांतलं काही दिसलं तर फोनची वाट पाहू नका. जवळच्या, चोवीस तास इमर्जन्सी असणाऱ्या रुग्णालयात जा आणि केंद्राने दिलेलं ट्रायलचं कार्ड दाखवा. गरज पडली तर तुम्हाला कोणतं औषध दिलं जात होतं, हे तातडीने उघड करण्याची सोय ट्रायलमध्ये असते.

रुग्णालयात भरती व्हावं लागलं तर त्याच दिवशी कोऑर्डिनेटरना सांगा. अशी गंभीर घटना कळल्यावर मुख्य संशोधकाला २४ तासांत ती औषध नियंत्रक, प्रायोजक कंपनी आणि एथिक्स कमिटीला कळवावी लागते. तुम्ही आठवड्याने सांगितलंत तर ती साखळी तोवर सुरूच होत नाही, आणि मोफत उपचाराचा दावा कमकुवत होतो. भरतीचे सगळे कागद आणि बिलं मूळ स्वरूपात ठेवा.

टप्पा ९: बाहेर पडताना आणि संपल्यावर

बाहेर पडण्याचा हक्क कायम आहे, त्याला कारणही द्यावं लागत नाही. फक्त फोन बंद करून गायब होऊ नका. डोस थांबवणं वेगळं आणि तपासणीच्या भेटी थांबवणं वेगळं. अँटीबॉडी शरीरात आठवडे राहते, म्हणून डोस बंद केले तरी सुरक्षिततेच्या भेटी पूर्ण करा. आधी दिलेल्या रक्तनमुन्यांचं काय करायचं, तेही लेखी सांगा.

औषधाने गुण आला तर "पुढेही मिळेल" असं गृहीत धरू नका. ट्रायलनंतर मोफत औषधाची तरतूद कायद्यात आहे, पण तिला अटी आहेत: दुसरा पर्यायी उपचार नसावा, औषधाचा फायदा दिसलेला असावा, मुख्य संशोधकाची शिफारस आणि एथिक्स कमिटीची मान्यता असावी. आयटीपीला पर्यायी उपचार आहेत, त्यामुळे ही पहिली अटच अडू शकते. म्हणून पुढचा विस्तारित टप्पा (ट्रायलनंतरही औषध देत राहणारा) आहे का, हे सही करतानाच विचारायचं.

शेवटच्या भेटीत तीन कागद मागून घ्या: सगळ्या प्लेटलेट आकड्यांचा तक्ता, डोसच्या तारखा, आणि कोणत्या गटात होतात हे कधी कळणार याची लेखी नोंद. गर्भनिरोध किती महिने चालू ठेवायचा, हे स्त्री-पुरुष दोघांनीही विचारून घ्यावं, कारण आयजीजी अँटीबॉडी वारेतून बाळापर्यंत पोहोचते. जिवंत विषाणूंच्या लसी केंद्राच्या परवानगीशिवाय घेऊ नका. सीडी३८चं औषध घेतलेल्यांनी ट्रायलचं कार्ड आणि फिनोटाइपचा रिपोर्ट शेवटच्या डोसनंतरही काही महिने पाकिटात ठेवावा आणि रक्तपेढीत नमुना जाण्याआधी दाखवावा.